घरच्या गेमिंग संगणकासाठी प्रोसेसर कसा निवडावा

गेम खेळण्यासाठी घरी संगणक जुळवायचे ठरले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा प्रोसेसरचा निघतो: इंटेल घ्यावा की एएमडी, आय५ पुरेल की आय७च लागेल? माझ्या मते हा प्रश्न चौथा आहे. मॉनिटर कोणता आहे किंवा घेणार आहोत, त्यावर मुख्यतः कोणते गेम खेळले जाणार आहेत आणि त्यांच्यासाठी कोणते ग्राफिक्स कार्ड परवडणार आहे, ही तीन उत्तरे आधी कागदावर लिहून घ्यावीत. ती लिहिली की प्रोसेसरच्या शेकडो नावांपैकी चार-पाचच विचारात घेण्याजोगी उरतात. मी स्वतः पहिला संगणक जुळवला तेव्हा हा क्रम उलटा धरला होता. निम्म्याच्या आसपास पैसे आठ कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) प्रोसेसरवर गेले, उरलेल्या पैशांत साधारण कार्ड आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आला, आणि त्या प्रोसेसरची ताकद मला पडद्यावर कधीही दिसली नाही. पुढचे विवेचन त्या चुकीतून शिकलेल्या क्रमाने केले आहे.

प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली वाटणी

गेममधले प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, दोन हातांखालून जाते. खेळाडूने कोणती कळ दाबली, शत्रू कुठे सरकला, फुटलेल्या भिंतीचे तुकडे कुठे पडले आणि या क्षणी पडद्यावर काय काय दिसले पाहिजे, हे सारे प्रोसेसर ठरवतो आणि काढायच्या गोष्टींची यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. कार्ड त्या यादीबरहुकूम पडद्यावरचा एकेक बिंदू रंगवते. सणाच्या दिवशी एकजण पुऱ्या लाटतो आणि दुसरा तळतो, तशीच ही वाटणी आहे. लाटणारा मागे पडला तर कढईतले तेल नुसतेच तापत राहते. तळणारा मागे पडला तर लाटलेल्या पुऱ्या वाट पाहत पडून राहतात. पंगतीत किती पुऱ्या पोहोचणार हे दोघांपैकी जो संथ असेल त्याच्यावर ठरते, आणि जो आधीच वेगाने काम करतो आहे त्याचा वेग आणखी वाढवून पानात एकही पुरी जास्त पडत नाही.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ फ्रेमसाठी ६.९ आणि २४० फ्रेमसाठी जेमतेम ४.२. ही मुदत प्रोसेसर आणि कार्ड या दोघांनाही पाळावी लागते. फरक पडतो तो रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या बिंदूंची संख्या, बदलल्यावर. १९२०×१०८० या आकाराच्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, २५६०×१४४० मध्ये ३६,८६,४००, आणि ज्याला ४के म्हणतात त्या ३८४०×२१६० मध्ये ८२,९४,४००. रिझोल्यूशन वाढले की पुरीचा आकारच मोठा झाल्यासारखे कार्डाचे काम वाढते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते, कारण शत्रूंची संख्या, वस्तूंच्या हालचाली आणि खेळाचे नियम तेच असतात. म्हणूनच ४के पडद्यावर शांतपणे कथाप्रधान गेम खेळणाऱ्याला महागड्या प्रोसेसरचा फायदा क्वचितच जाणवतो, आणि १०८० रिझोल्यूशनच्या २४० हर्ट्झ मॉनिटरवर स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्याला कार्डाच्या आधी प्रोसेसरच अडवतो.

यात एक पोटनियम लक्षात ठेवावा. डीएलएसएस किंवा एफएसआर यांसारखे तंत्र चालू केले की कार्ड मूळ चित्र कमी रिझोल्यूशनमध्ये काढून मग ते मोठे करते. त्यामुळे ४केचा मॉनिटर असला तरी प्रत्यक्षातले काम १४४० किंवा १०८०च्या पातळीवर उतरलेले असू शकते, आणि तेवढ्या प्रमाणात प्रोसेसरवरचा ताण पुन्हा पुढे येतो. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढणे, हे केवळ कार्डाचे काम आहे असा समजही पुरता खरा नाही. दृश्यातल्या वस्तूंची जी रचना किरणांना लागते ती सतत अद्ययावत ठेवताना प्रोसेसरवरही भार येतो.

आपली गरज मोजण्याची रीत

घरात जुना संगणक असेल तर नवीन काही विकत घेण्याआधी त्याच्यावर एक चाचणी करावी. नेहमीचा गेम नेहमीच्या रिझोल्यूशनवर चालवावा, गर्दीच्या एखाद्या ठिकाणी जाऊन सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहावे, आणि मग फक्त रिझोल्यूशन सर्वांत खाली आणून त्याच ठिकाणी पुन्हा आकडा पाहावा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड अडवत होते. आकडा जवळपास तसाच राहिला तर प्रोसेसर किंवा मेमरी अडवते आहे, आणि नवे कार्ड घेऊन काहीही साधणार नाही. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत साधनाने कार्डाचा वापर किती टक्के होतो आहे हेही पडद्यावर दिसते. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबते आहे, आणि ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर ते प्रोसेसरची वाट पाहते आहे. मात्र व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सोय) किंवा फ्रेमची मर्यादा चालू असेल तरीही कार्ड मुद्दाम थांबते, म्हणून चाचणीपुरत्या या दोन्ही गोष्टी बंद ठेवाव्यात.

प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा मात्र या कामात दिशाभूल करतो. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे सोळा धागे चालवणाऱ्या, प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरला पूर्ण जखडून बसलेला असला, तरी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये एकूण वापर ३० टक्के दिसू शकतो. ते पाहून प्रोसेसर रिकामाच आहे असा निष्कर्ष काढणारे अनेकजण मी पाहिले आहेत, आणि त्यांनी नंतर चुकीचा भाग बदललेला आहे.

जुना संगणक नसेल तर परीक्षणांवर विसंबावे लागते, पण ती वाचण्याचीही एक पद्धत आहे. प्रोसेसरच्या परीक्षणात सर्वांत ताकदवान कार्ड लावून १०८० रिझोल्यूशनवर आकडे घेतलेले असतात. हे मुद्दाम केलेले असते, कारण तसे केले तरच कार्ड आड येत नाही आणि प्रोसेसरची स्वतःची कमाल मर्यादा दिसते. हे आकडे आपल्याला घरी मिळणार आहेत असे समजू नये. आपल्या गेमसाठी प्रोसेसरची ही मर्यादा एका बाजूला लिहावी. आपण घेणार त्या कार्डाच्या परीक्षणातून आपल्या रिझोल्यूशनवरचा आकडा दुसऱ्या बाजूला लिहावा. दोन्हींतला लहान आकडा हा आपल्या वाट्याचा. समजा एका प्रोसेसरची मर्यादा १६० फ्रेम आहे, दुसऱ्याची २२० आहे, आणि कार्ड १४४० वर ९० फ्रेम देते. अशा वेळी दुसऱ्या प्रोसेसरसाठी मोजलेली जास्तीची रक्कम त्या गेममध्ये निष्फळ ठरते, आणि तीच रक्कम कार्डात घातली तर ९०चे कदाचित ११५ होतील. सरासरीच्या जोडीला ‘१ टक्का लो’ नावाचा आकडा दिलेला असतो, तो मी सरासरीइतकाच महत्त्वाचा मानतो. सर्वांत संथ फ्रेमचा वेग त्यातून कळतो, आणि खेळताना हाताला जाणवणारे अडखळणे सरासरीत दिसत नाही, तिथे दिसते.

गेमचा प्रकार इथे फार निर्णायक असतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांत चित्र तुलनेने हलके आणि फ्रेमची अपेक्षा मोठी, म्हणून प्रोसेसरला महत्त्व. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, सिटीज: स्कायलाइन्स २, फॅक्टोरिओ यांसारख्या गेममध्ये शेकडो-हजारो गोष्टींचा हिशेब सतत चालू असतो, तिथेही प्रोसेसर आणि त्याची कॅश मेमरी (त्याच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) यांची कसोटी लागते. सायबरपंक २०७७ सारखा गेम १४४० किंवा त्याहून वरच्या रिझोल्यूशनवर खेळायचा असेल तर आधी कार्ड पाहावे.

कोअर, वेग आणि कॅश मेमरी

आजच्या गेमसाठी सहा कोअर आणि बारा थ्रेड ही मी किमान पातळी मानतो, आठ कोअर ही आरामाची पातळी मानतो, आणि केवळ गेमसाठी त्याच्या पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या दोन्ही खेळयंत्रांत आठ कोअरचा एएमडी प्रोसेसर आहे, आणि मोठे गेम प्रथम त्यांच्या मापाने बेतले जातात; त्यामुळे सोळा कोअरना पुरेल इतके काम गेममध्ये सहसा नसतेच. व्हिडिओ संपादन, थ्रीडी रेंडरिंग किंवा मोठे प्रोग्राम कंपाइल करणे हे रोजचे काम असेल तर हिशेब वेगळा. चार कोअरचा, इंटेलचा ‘कोअर आय३-१२१००एफ’ अगदी तोकड्या अंदाजपत्रकात अजूनही बऱ्याच गेमना पुरतो, पण पार्श्वभूमीला डिस्कॉर्ड आणि ब्राउझर चालू असताना तो लवकर दमतो.

इंटेलच्या २०२१च्या अखेरीपासूनच्या अनेक प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर असतात: वेगवान पी-कोअर आणि काटकसरी ई-कोअर. कोअर आय५-१४६००के याचे ‘१४ कोअर’ म्हणजे सहा पी आणि आठ ई. गेमचे मुख्य ओझे सहा पी-कोअरच उचलतात, म्हणून त्याची तुलना एएमडीच्या सोळा कोअरच्या रायझनशी न करता सहा-आठ कोअरच्या रायझनशी करावी.

गिगाहर्ट्झचा आकडा, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तो, फक्त एकाच पिढीतल्या दोन भावंडांची तुलना करायला उपयोगी पडतो. पिढी बदलली की एका ठोक्यात होणारे काम बदलते, आणि जुना ४ गिगाहर्ट्झ नव्या ४ गिगाहर्ट्झच्या बरोबरीचा राहत नाही. हाच न्याय आय३, आय५, आय७ या नावांनाही लागू आहे. ‘आय७ गेमिंग पीसी’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या संगणकांत पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या पिढीचे वापरलेले प्रोसेसर असतात. २०१३ सालच्या कोअर आय७-४७७० पेक्षा २०२२ सालचा कोअर आय३-१२१०० सरळसरळ वेगवान आहे, दोघांचेही कोअर चारच असूनसुद्धा. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढेच चालते, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विक्रेत्याने प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक सांगितला नाही तर व्यवहार तिथेच थांबवावा.

कॅश मेमरीचा विषय मात्र थोडा थांबून समजून घेण्याजोगा आहे, कारण गेमच्या बाबतीत गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी झेप तिच्यामुळे आली. लाटणाऱ्याच्या शेजारी परातीत कणीक मळून ठेवलेली असेल तर हात चालू राहतो. प्रत्येक गोळ्यासाठी उठून कोठीपर्यंत जावे लागले तर लाटणाऱ्याचा हात कितीही वेगवान असला तरी उपयोग नाही. रॅम ही कोठी, कॅश मेमरी ही परात. गेममध्ये लागणारी माहिती विखुरलेली असते आणि पुन्हा पुन्हा लागते, म्हणून परात मोठी असली की कोठीच्या खेपा वाचतात. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर एएमडीने नेहमीच्या ३२ एमबी एल३ (सर्वांत मोठ्या पातळीच्या) कॅशवर आणखी ६४ एमबीचा थर बसवला आणि एकूण ९६ एमबी केली. त्याची घड्याळगती (गिगाहर्ट्झ) भावंडापेक्षा कमी असूनही तो बहुतेक गेममध्ये पुढे गेला. २०२३चा ७८००एक्स३डी त्याच वाटेने आला. नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स३डी मध्ये हा थर कोअरच्या वर न ठेवता खाली घेतला आहे. त्यामुळे कोअरची उष्णता थेट कूलरपर्यंत पोहोचते आणि घड्याळगतीही वाढवता आली. गेमपुरते बोलायचे तर आठ कोअरचे हे एक्स३डी प्रोसेसर महाग असले तरी त्यांची किंमत कारणाशिवाय नाही. बारा आणि सोळा कोअरच्या ७९००एक्स३डी किंवा ९९५०एक्स३डी यांसारख्या प्रोसेसरांत हा थर दोनपैकी एकाच गटाच्या कोअरना मिळतो, म्हणून फक्त खेळण्यासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

कॅशमधला फरक स्वस्त प्रोसेसरांतही लपलेला असतो, आणि तिथे गिऱ्हाईक हमखास फसते. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे शेजारशेजारची वाटतात, पण ५५०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश आणि पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा मार्ग) ३.० आहे, तर ५६०० मध्ये ३२ एमबी आणि पीसीआयई ४.०. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० यांसारखी कार्डे या मार्गाच्या आठच लेन वापरतात, आणि पीसीआयई ३.० वर त्यांना मिळणारा मार्ग निम्म्या रुंदीचा होतो. किमतीतला फरक थोडा असेल तर ५६००च घ्यावा.

नावामागची अक्षरे

इंटेलच्या क्रमांकापुढे एफ असेल तर त्यात चित्र दाखवणारा अंगभूत भाग नसतो. रायझनमध्ये ५६०० सारख्या जुन्या मालिकेत तो मुळातच नसतो. ७००० आणि ९००० मालिकेत साधा, डेस्कटॉपपुरता असतो, आणि ७५००एफ सारख्या एफ प्रकारात नसतो. वेगळे कार्ड घेणार असल्यामुळे एफ चालतो हे खरे. पण किमतीत फारसा फरक नसेल तर मी अंगभूत भाग असलेला प्रोसेसर घेण्याचा सल्ला देतो. कार्ड बिघडून वॉरंटीसाठी गेले की ते परत यायला आपल्याकडे कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस संगणक निदान अभ्यासाला आणि कामाला तरी चालू राहतो.

इंटेलचे के म्हणजे घड्याळगती वाढवण्याची मोकळीक, पण ती वापरायला झेड मालिकेचा मदरबोर्ड, म्हणजे सारे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, लागतो. बी७६० बोर्डावर के प्रोसेसर चालतो, फक्त ती मोकळीक मिळत नाही. एएमडीकडे ही सोय बी मालिकेच्या बोर्डांवरही आहे. घरगुती वापरात ओव्हरक्लॉकिंगने, म्हणजे अशी गती वाढवून, मिळणारा लाभ आता इतका लहान राहिला आहे की केवळ त्यासाठी बोर्ड बदलू नये. जी अक्षराचे प्रोसेसर, जसे ५६००जी किंवा ८६००जी, हे कार्ड न लावता हलके गेम खेळण्यासाठी आहेत. कार्ड वर्षभराने घ्यायचे असे पक्के असेल तर मधल्या काळाची ती चांगली सोय आहे. पण त्यांची एल३ कॅश १६ एमबीच असल्यामुळे पुढे मोठे कार्ड लावल्यावर ते त्याच पिढीच्या साध्या प्रोसेसरपेक्षा मागे राहतात, हे आधीच जाणून घ्यावे.

सॉकेट म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा निर्णय

प्रोसेसर बदलता येतो, पण सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, बदलले की मदरबोर्ड आणि कधी कधी रॅमही बदलावी लागते. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत एएम४ सॉकेटचा बोर्ड घेतलेल्या माणसाला पाच वर्षांनी, बायोस (बोर्डातली मूळ आज्ञावली) अद्ययावत करून, त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी बसवता आला. इतकी दीर्घ सोबत डेस्कटॉपच्या जगात दुर्मीळ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटसाठी एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढे आधार देण्याचे जाहीर केले आहे, म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी मला एएम५ सर्वांत सुरक्षित वाटतो. तो फक्त डीडीआर५, म्हणजे डीडीआर४च्या पुढच्या पिढीची, रॅम घेतो. डीडीआर५च्या किमती २०२५च्या अखेरीस झपाट्याने वाढल्या, त्यामुळे ज्यांच्याकडे चांगली डीडीआर४ रॅम आधीच आहे त्यांनी एएम४ किंवा इंटेलचा डीडीआर४चा एलजीए १७०० बोर्ड यांचाही हिशेब करून पाहावा.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. त्याचा प्रवास तिथे संपला आहे. कोअर आय५-१२४००एफ अजूनही काटकसरी संगणकासाठी उत्तम आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता आणि कायमची झीज होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले; इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) सुधारणा बायोसद्वारे दिली आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यातला प्रोसेसर नवा घेतला तर पहिल्याच दिवशी, विंडोज टाकण्याच्या आधी, बायोस अद्ययावत करावे, आणि वापरलेला तर शक्यतो घेऊच नये, कारण आधीच्या मालकाने तो कोणत्या बायोसवर चालवला हे तपासण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो. ऑक्टोबर २०२४ मधली कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए १८५१ सॉकेटवर आली. वीज कमी घेणारी आणि कामासाठी सक्षम अशी ती आहे, पण आली तेव्हा गेममध्ये ती एक्स३डी प्रोसेसरांच्या मागे राहिली. दिवसा रेंडरिंग आणि रात्री खेळ असा दुहेरी वापर असेल तर कोअर अल्ट्रा ७ २६५के विचारात घेण्याजोगा आहे.

दुकानातला बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि संगणक सुरूच होत नाही. एएम५च्या बी६५० बोर्डावर रायझन ९००० मालिकेचा प्रोसेसर घालायचा असेल तर दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घ्यावे, किंवा प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हने बायोस भरता येणारे बटण बोर्डावर आहे का ते पाहावे.

उन्हाळा, वीज आणि कूलर

परीक्षणांतले तापमान बहुधा वातानुकूलित खोलीतले असते. अकोला, नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पंख्याच्या खोलीत ३८-४० अंश सहज असतात, आणि खोली जितकी तापते साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही वर जातो. २२ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारा प्रोसेसर अशा खोलीत ९०च्या घरात पोहोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतो. खोक्यावर लिहिलेली वॅट-संख्या पूर्ण भाराची नसते, हेही इथे ध्यानात घ्यावे: एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत घेऊ शकतो, १०५चा १४२ पर्यंत, आणि इंटेलच्या कोअर आय९-१४९००के याची मर्यादा २५३ वॅट आहे. विदर्भ-मराठवाड्यात, एसी नसलेल्या खोलीत, मी ६५ वॅटच्या गटातला प्रोसेसर आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर असेच सुचवतो. रायझन ५ ७६०० सोबत येणारा छोटा कूलर पुण्याच्या हिवाळ्यात पुरेसा आहे. उन्हाळ्यात तो आवाज करू लागतो.

विजेचा दुसरा संबंध यूपीएसशी आहे. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. काटकसरी प्रोसेसर आणि मध्यम कार्ड त्यात मॉनिटरसह कसेबसे बसतात. २५० वॅटचा प्रोसेसर आला तर वीज जाताच यूपीएस हात टेकतो आणि चालू गेम जतन करायलाही वेळ मिळत नाही. ही यूपीएसची किंमतही प्रोसेसरच्या खर्चातच धरावी.

नेमके काय घ्यावे

१०८० रिझोल्यूशनचा ६० ते १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि मध्यम कार्ड असेल तर रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ यांपैकी बोर्डासह जे स्वस्त पडेल ते घ्यावे. दोघांतला फरक खेळताना ओळखू येत नाही. नवी सुरुवात करायची, १४४० रिझोल्यूशनवर खेळायचे आणि तीन-चार वर्षांनी प्रोसेसर वाढवण्याची वाट मोकळी ठेवायची असेल तर एएम५ वर रायझन ५ ७६००, ७५००एफ किंवा ९६००एक्स. बहुतेक घरांसाठी माझे उत्तर हेच असते. स्पर्धात्मक गेम २४० हर्ट्झवर खेळायचे असतील, सिम्युलेशनचा छंद असेल किंवा कार्ड सर्वांत वरच्या गटातले असेल, तरच ७८००एक्स३डी वा ९८००एक्स३डी यांच्याकडे वळावे. ‘प्रोसेसर एकदाच मोठा घेऊन ठेवू, कार्ड नंतर बघू’ हा विचार मला पटत नाही, कारण पडून राहिलेली ताकद दोन वर्षांत स्वस्त होते आणि त्या दोन वर्षांत खेळ मात्र कमकुवत कार्डावरच चालतो.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा किंवा ऑनलाइन, दोन्हीकडचे भाव त्याच दिवशी ताडून पाहावेत, आणि दुकानदार सांगतो तो भाव १८ टक्के जीएसटीसह आहे का हे आधी विचारावे. सीलबंद खोक्यातल्या प्रोसेसरला सहसा तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी बहुधा विक्रेत्याचीच असते. मला एकदा अशा सुट्या प्रोसेसरसाठी त्या दुकानात चार खेपा घालाव्या लागल्या आणि शेवटी नवा विकत घ्यावा लागला. पक्क्या बिलावर प्रोसेसरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. वापरलेला एएम४ प्रोसेसर घेताना खालच्या पिना उजेडात तिरप्या धरून पाहाव्यात. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून तिथे सॉकेट तपासावे.

बसवल्यानंतरचा पहिला दिवस

प्रोसेसर बसवताना कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, वरून बोटाने दाबायचा नसतो. प्रोसेसर निवडताना केलेला सारा विचार पुढच्या काही गोष्टी राहून गेल्या तर वाया जातो. रॅमच्या दोन पट्ट्या असाव्यात आणि त्या बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन खाचांत असाव्यात, कारण एकाच पट्टीवर प्रोसेसरला निम्माच मार्ग मिळतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करावे. ते केले नाही तर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम ४८००च्या आसपासच चालत राहते. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ किंवा जो असेल तो निवडावा. तो बहुधा ६० वरच राहिलेला असतो, आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो.

हे झाल्यावर अर्धा तास नेहमीचा गेम चालवून तापमान पाहावे. मग सुरुवातीची तीच चाचणी, तेच ठिकाण आणि तेच दोन रिझोल्यूशन ठेवून, पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे तारखेसह बिलाच्या मागे लिहून ठेवावेत. दोन वर्षांनी एखादा नवा गेम अडखळू लागेल तेव्हा कार्ड बदलायचे की प्रोसेसर, हे त्या दोन आकड्यांशी ताडून ठरवता येईल.